मदत हवी आहे: बारावी मॅथ्स घेऊन झाली, आता नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) द्यायचीय

नमस्कार मंडळी, मी इंदूरची, रामबागेत राहते. आजीचं दीड वर्षापासून डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून ३ वेळा, ४-४ तास, सोबत मीच बसते, तिच्या हातातल्या फिस्टुलावर (डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेल्या रक्तवाहिन्यांवर) बोट ठेवलं की आत घरघर जाणवते, ती पहिल्यांदा जाणवली ना, तेव्हापासून डोक्यात एकच, डॉक्टर व्हायचं. पण माझी बारावी मॅथ्सची! २०२३ च्या एनएमसी (नॅशनल मेडिकल कमिशन) नोटीसमध्ये वाचलं की बारावीनंतर बायो अ‍ॅडिशनल सब्जेक्ट म्हणून दिलं तरी नीटला चालतं. एमपी बोर्डातून कोणी असं केलंय का? प्रॅक्टिकलचं काय करतात? ७२० पैकी ३६० मार्क बायोचेच, सुरुवात कुठून करू? कोचिंगचे पैसे बाबांकडे मागवत नाहीत, औषधांनाच खूप लागतात. कोणाकडे बायोची जुनी एनसीईआरटी असेल तर प्लीज सांगा, राजवाड्यापर्यंत येऊन घेऊन जाईन.