शेजचं बंड: कर्जबुडव्यांचा दंगा की नागवलेल्या शेतकऱ्यांचा उठाव?

कोरडवाहू
अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावर भरपूर बोललं जातं, पण ते लढलेल्यांचं पुढे काय झालं, यावर फारसं नाही. म्हणून १७८६-८७ च्या मॅसॅच्युसेट्समधल्या बंडावर हा धागा. ज्याचं नाव या बंडाला चिकटलं तो डॅनिअल शेज म्हणजे स्वातंत्र्ययुद्धातल्या बंकर हिल आणि सॅराटोगाच्या लढायांत लढलेला कॅप्टन. अमेरिकेच्या बाजूने लढलेला फ्रेंच सेनानी लाफायेत, त्याने त्याला मानाची तलवार भेट दिली होती. पुढे हातात पैसा नाही म्हणून त्याने ती विकली.

युद्ध संपल्यावर ब्रिटिश व्यापारी रोख मागू लागले. बॉस्टनच्या व्यापाऱ्याने गावच्या दुकानदाराला धरलं, दुकानदाराने शेतकऱ्याला. शेतकऱ्याकडे धान्य होतं, गुरं होती, नाणं नव्हतं. त्यात राज्याने कर वाढवले, तेही नाण्यातच भरायचे. आणि मला सगळ्यात जास्त चीड येते ती पुढच्या गोष्टीची. सैनिकांना पगारापोटी सरकारी रोखे, म्हणजे पैसे पुढे देऊ अशा सरकारी चिठ्ठ्या, मिळाले होते. घर चालवायला त्यांनी ते कवडीमोलाने विकले. आता सरकार त्या रोख्यांचे पैसे दर्शनी किमतीने, म्हणजे वर छापलेल्या पूर्ण रकमेने, फेडणार होतं, पण ते ज्यांनी स्वस्तात विकत घेतले त्यांना. त्यासाठी कर कोण भरणार? तोच सैनिक.

गावोगावच्या सभांनी अर्ज पाठवले. विधिमंडळ काहीही न करता उठलं. मग २९ ऑगस्ट १७८६ ला नॉर्दॅम्प्टनला शेकडो माणसं कोर्टासमोर उभी राहिली आणि न्यायाधीशांना बसूच दिलं नाही. कोर्ट नाही तर कर्जवसुलीचा हुकूमनामा नाही, हुकूमनामा नाही तर जप्ती नाही. याला मी दंगा म्हणणार नाही.

कलमबद्ध
रोख्यांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, तो अन्यायच होता. पण त्यावरून कोर्टं बंद पाडणं योग्य ठरत नाही.

मॅसॅच्युसेट्सची राज्यघटना १७८० साली गावोगावच्या सभांनी मतं देऊन स्वीकारली होती. निवडणूक दरवर्षी व्हायची. राजाविरुद्ध उठणं आणि आपणच निवडलेल्या सरकारविरुद्ध उठणं यात फरक आहे, आणि हे सॅम्युअल ॲडम्ससारख्या जुन्या क्रांतिकारकालाही वाटत होतं. पश्चिमेकडच्या कित्येक गावांनी खर्च वाचवायला प्रतिनिधीच पाठवले नव्हते. मग दाद कोण मागणार? शिवाय कोर्टात फक्त बडे सावकार जात नसत. शेजाऱ्याकडे थोडीशी रक्कम अडकलेला लोहारही तिथेच जायचा.

आणि २५ जानेवारी १७८७ ला बंडखोर स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले, ते काय अर्ज द्यायला? तिथल्या सरकारी फौजेच्या जनरल शेपर्डने आधी इशारा दिला, पहिले गोळे डोक्यांवरून मारले. तरी ते पुढे आले. मग छर्ऱ्यांचा मारा झाला, चार माणसं मेली.

कोरडवाहू
ती चार माणसं बर्फातून चालत आली होती. टोपीत हेमलॉकच्या झाडाची हिरवी डहाळी, युद्धात खोवायचे तशीच. समोरच्या सरकारी शिपायांच्या टोपीत पांढरा कागद. दोन्हीकडे कालचे सोबती.

प्रतिनिधी पाठवले नाहीत म्हणता, पण बॉस्टन लांब आणि खर्च गावाच्या माथी. मताला आणि पदाला मालमत्तेची अट होती, ती वेगळीच. आणि सरकार सगळ्यांचं होतं तर बंड मोडायला निघालेल्या जनरल लिंकनच्या फौजेचा पैसा कुठून आला? तिजोरीत खडखडाट होता, पैसा व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून दिला. हेबियस कॉर्पसही, म्हणजे अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागायचा हक्कही, स्थगित केला होता.

पाटीपेन्सिल
दोघंही कर्जावर अडकलाय. बंडखोरांची नावं तपासणाऱ्या इतिहासकारांना आढळलं की सगळेच काही कर्जात बुडालेले नव्हते. राग करांचा आणि रोख्यांचा जास्त होता.

परिणामांबद्दलही जपून बोलायला हवं. या बंडातून अमेरिकेची राज्यघटना जन्मली असं सर्रास लिहितात. पण ती घटना जिथे लिहिली गेली त्या फिलाडेल्फियाच्या परिषदेची हाक राज्यांच्या प्रतिनिधींच्या ॲनापोलिसच्या बैठकीने सप्टेंबर १७८६ मध्येच दिली होती. बंडाने भीती घातली, एवढं नक्की. जेफरसन पॅरिसहून लिहीत होता की अधूनमधून छोटंसं बंड झालेलं चांगलंच. इकडे वॉशिंग्टन मात्र हादरला होता. पुढे घटनेत राज्यांना कागदी चलन काढायला आणि करार कमकुवत करणारे कायदे करायला बंदी आली. बंड मोडायला लष्कर बोलवायचा अधिकार केंद्राला मिळाला. कर्जदाराचे मार्ग त्या घटनेने बंद केले, ही माझ्या लेखी खरी किंमत. मॅसॅच्युसेट्समध्ये ती घटना १८७ विरुद्ध १६८ मतांनी, जेमतेम मंजूर झाली.

कलमबद्ध
हे मान्य. पण शिक्षांकडेही बघा. अठरा जणांना फाशी सुनावली गेली, प्रत्यक्षात फासावर गेले दोघे, जॉन ब्लाय आणि चार्ल्स रोज. शेजलाही १७८८ मध्ये माफी मिळाली. आणि कठोर वसुली करणारा गव्हर्नर बोडिन १७८७ च्या निवडणुकीत जॉन हॅन्कॉककडून सपाटून हरला. मतपेटीनेच काम केलं. बंदुका उचलण्याआधी तिची वाट बघायला हवी होती.

कोरडवाहू
बोडिन कशामुळे हरला? नव्या विधिमंडळाने कर उतरवले, कर्जवसुलीला स्थगिती दिली. गावं वर्षभर हेच अर्जांत मागत होती. ऑगस्टमध्ये कोर्टं अडवली नसती, तर पुढच्या वसंतात हे मिळालं असतं असं तुम्हाला खरंच वाटतं?