मदत हवी आहे: दार्जिलिंगला चहाच्या मळ्यात कुठे राहावं? अर्जंट

पानगळ:
नमस्कार मंडळी. आम्ही दार्जिलिंगला जातोय, विमानाची तिकिटं झाली, राहायचं मात्र ठरत नाहीये. हॉटेल नको, चहाच्या मळ्यातच होमस्टे हवाय. आईला पानं खुडताना बघायचंय आणि फॅक्टरीत चहा कसा तयार होतो तेही. शिवाय लेपचा, भुतिया, राई, तमांग अशा कितीतरी जमाती आहेत तिकडे, त्यांची गावं बघायचीत, त्यांच्या हातचं जेवायचंय. एजंट म्हणतो सकाळी टायगर हिल, मग सात पॉइंट आणि संध्याकाळी मॉल रोड, ते अजिबात नकोय. होमस्टेवाला आज रात्रीपर्यंत ॲडव्हान्स मागतोय त्यामुळे प्लीज लगेच सांगा.

सह्यवाट:
महिना कोणता?

भटक्या_८२:
दार्जिलिंग म्हणजे गाव की जिल्हा? कर्सियांग, मिरिक, ताकदा, सगळंच लोक दार्जिलिंग म्हणून विकतात. होमस्टे नेमका कुठे आहे? आणि आईंचे गुडघे कसे आहेत? तिथले मळे म्हणजे उभा उतार असतो, रस्त्यापासून घरापर्यंत दोनशे पायऱ्या निघू शकतात आणि फोटोत त्या दिसत नाहीत.

डोंगरयात्री:
मळे वगैरे दुय्यम, संदकफू करा! ३,६३६ मीटर, एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू, कांचनजंगा सगळे एका जागेवरून दिसतात. चालायचं नसेल तर मानेभंज्यांगहून गाडी वरपर्यंत जाते. एवढ्या लांब जाऊन हे सोडून येणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं.

पानगळ:
अहो संदकफू कुठे विचारलं मी. आई ६८ची, चालते व्यवस्थित पण जिने नकोत. बाबांना दमा आहे. महिना म्हणजे नाताळची सुट्टी हो, २४ डिसेंबरला निघतोय, १ जानेवारीला परत. होमस्टे दार्जिलिंगपासून "जवळच" असं लिहिलंय, गाव विचारते त्याला. मळ्यातला कोणता चांगला तेवढंच सांगा ना.

सह्यवाट:
म्हणूनच महिना विचारला. डिसेंबरअखेर पानं खुडणं नसतं. थंडीत झुडूप झोपतं, नवी पालवी येत नाही, त्याच काळात छाटणी करतात. पहिला बहर म्हणजे फर्स्ट फ्लश मार्च-एप्रिलमध्ये, दुसरा मे-जूनमध्ये, मग पावसाळी आणि शेवटचा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. पान नाही म्हणजे फॅक्टरीही थंड. आत नेऊन यंत्रं दाखवतील, पण पान वाळवणं, वळणं, भट्टीचा वास यातलं काही नाही मिळायचं. तिकीट बदलून एप्रिलला जा.

पहाटवारा:
एप्रिलला जाऊन काय, ढगात बसायचं? कांचनजंगा बघायची तर ऑक्टोबरअखेर ते डिसेंबरच. आईंना घेऊन जातायत, तिकिटं झालीयेत, त्यांना उगाच घाबरवू नका.

सह्यवाट:
घाबरवत नाहीये. त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये आईला पानं खुडताना बघायचंय असं लिहिलंय. कांचनजंगेचं नावही घेतलेलं नाही. विचारलंय त्याचं उत्तर दिलं.

चहाप्रेमी_काका:
एक विनंती, तिथला चहा दूध-साखर न घालता प्या. उकळवायचा नाही, गरम पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवायचा. सेकंड फ्लशला जो द्राक्षासारखा सुवास येतो तो तुडतुड्यांमुळे, ते कोवळं पान चावतात आणि झुडूप स्वतःच्या बचावासाठी जे द्रव्य तयार करतं त्याचा तो गंध. म्हणून फवारणी करून सगळे तुडतुडे मारले तर तो चहाच मिळणार नाही. भारतात भौगोलिक मानांकन सगळ्यात आधी मिळालं ते दार्जिलिंगच्या चहाला, २००४ साली. विकत घेताना पाकिटावर मळ्याचं नाव आणि बहर दोन्ही बघून घ्या.

मधुरा_के:
जमातींचं म्हणाल तर चहाच्या मळ्यात संथाल, मुंडा, ओराँव लोक असतात, त्यांचे नाच फार सुंदर, होमस्टेवाले संध्याकाळी शेकोटीभोवती ठेवतात, आम्ही बघितले.

भटक्या_८२:
मधुराताई, तो डुआर्स. डोंगराच्या पायथ्याचे, सपाटीवरचे मळे, तिथे छोटा नागपूरहून मजूर आणले गेले. वर दार्जिलिंगच्या मळ्यांत नेपाळच्या डोंगरांतून आलेल्यांचे वंशज आहेत, राई, लिंबू, तमांग, गुरुंग, मगर, कामी, दमाई. लेपचा इथले मूळचे. भुतिया तिबेटकडून फार पूर्वी आलेले आणि १९५९ नंतर आलेले तिबेटी निर्वासित आणखी वेगळे.

मधुरा_के:
आम्हाला ड्रायव्हरने दार्जिलिंगच सांगितलं होतं. असो, नाच सुंदर होते हे खरंच.

सिलिगुडीकर:
नवऱ्याच्या बदलीमुळे बरीच वर्षं सिलिगुडीत होते, वर सतत जाणं व्हायचं म्हणून लिहिते. पानगळ, राग मानू नका पण "जमातींची गावं बघायचीत" हे तिथे असं म्हणू नका. एकाच वस्तीत राई, तमांग, कामी शेजारी शेजारी राहतात, घरात बोलतात नेपाळी, मुलं शाळेत जातात, मुलगा सिलिगुडीत नोकरीला. लिंबू आणि तमांगांना २००३ पासून अनुसूचित जमातीचा दर्जा आहे, राई-गुरुंगांची मागणी अजून चालू आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या मळ्यात राहूनही घराखालच्या जमिनीचा पट्टा बहुतेकांकडे नाही. हे सगळं त्यांच्या रोजच्या बोलण्यात असतं. पर्यटक येतात, भाड्याचे कपडे घालून, पाठीला डोको लावून फोटो काढतात, आणि जिची ती टोपली तिला कोणी नावसुद्धा विचारत नाही. मला हे फार लागायचं.

आता तुमची तारीख. सह्यवाट म्हणतात ते बरोबर, खुडणी नाही. पण ३० डिसेंबरच्या सुमारास, नेपाळी पंचांगातल्या पौषाच्या १५ला, गुरुंगांचा तमू ल्होसार असतो, त्यांचं नवीन वर्ष. होमस्टेवाल्याला एवढं विचारा की जवळपास कुठे कार्यक्रम आहे का आणि बाहेरच्यांनी आलेलं चालेल का, बहुतेक वेळा आनंदाने नेतात. आणि नाताळला कालिम्पोंग. लेपचांमध्ये आणि राई-तमांगांमध्येही ख्रिस्ती कुटुंबं खूप आहेत, मॅकफार्लेन चर्च १८९१चं आहे, तिथली गाणी ऐका. लेपचांचं छोटं संग्रहालयही कालिम्पोंगलाच.

पहाटवारा:
फोटोवरून एवढं ऐकवायची काय गरज? लोक कपडे भाड्याने देतात, त्यांचं पोट चालतं त्यावर.

सिलिगुडीकर:
पोट चालतं हे मान्य. कपडे भाड्याने घ्या, पैसे द्या, त्याला माझी ना नाही. मळ्यात काम करणाऱ्या बाईचा न विचारता फोटो काढू नका एवढंच म्हणतेय.

पानगळ:
सिलिगुडीकर, राग कसला, बरं झालं लिहिलंत. खुडणी नाही म्हटल्यावर आई हिरमुसली पण ल्होसारचं सांगितलं तर लगेच विचारते कपडे काय न्यायचे. होमस्टेवाल्याने आत्ता सांगितलं, रस्त्यापासून खाली पंधरा मिनिटं पायवाट. म्हणजे नकोच. मग कुठे?

सह्यवाट:
बाबांच्या दम्यासाठी दार्जिलिंग गावात मुक्काम नको. दोन हजार मीटरच्या वर आहे, डिसेंबरात रात्री पारा दोन-तीनवर येतो. कालिम्पोंग साडेबाराशे मीटर, कर्सियांग साडेचौदाशेच्या आसपास, दोन्ही त्या मानाने उबदार. नाताळ कालिम्पोंगला, मग कर्सियांग. तिथे मळे खिडकीतून दिसतात आणि बऱ्याच ठिकाणी गाडी दारापर्यंत जाते. छाटणीही बघण्यासारखी असते, आईंना दाखवा. मुकादमाला विचारलं तर समजावून सांगतात.

डोंगरयात्री:
कर्सियांगहून संदकफू एका दिवसात होत नाही, त्याचा विचार करा.

चहाप्रेमी_काका:
टॉय ट्रेनचं विसरू नका, १८८१पासून चालू आहे, जागतिक वारसा आहे. पूर्ण प्रवास सात तासांच्या वर जातो. आईबाबांना दार्जिलिंग ते घूम जॉयराइड पुरे, दोन तासांत जाऊन-येऊन. सुट्टीत गर्दी असते, तिकीट ऑनलाइन आजच काढा.

पानगळ:
काढते. कालिम्पोंगच्या एका होमस्टेशी बोलले, गाडी दारात जाते म्हणतो, हीटरचे वेगळे पैसे. दार्जिलिंगला एक दिवस जाऊन आलो तर चालेल ना? २६ तारीख बघतेय.

सिलिगुडीकर:
वार बघून घ्या. गुरुवारी तिथलं प्राणीसंग्रहालय आणि शेजारची गिर्यारोहण संस्था बंद असते, आईंना रेड पांडा दाखवायचा तर गुरुवार टाळा. दार्जिलिंगचा चौरस्ता म्हणजे मोकळा चौक, सपाट आहे, गाड्या येत नाहीत, तिथे दोघांना निवांत बसू द्या. आणि पहिल्या दिवशी बागडोगरा विमानतळावरून दुपारी एकच्या आत निघा, पाचच्या आधीच अंधार पडतो आणि धुकं उतरलं की वळणांवर काही दिसत नाही. शेअर जीप नको, बाबांसाठी पूर्ण गाडी करा.