शब्दचर्चा : झडप 'गळते' की 'धरना'?

अंबाजोगाई : हार्ट अटॅकनंतर हृदयाच्या डाव्या बाजूची मिट्रल झडप रक्त मागं जाऊ देते, त्यावर जेल टोचून उपाय करण्याबद्दलचा एक मजकूर मराठीत आणतेय. 'झडप गळते' लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. ती दचकलीच, "गळली? मग पडली कुठं?" पानं गळतात, केस गळतात ते स्वतःच पडतात. माठ गळतो तेव्हा पडतं ते पाणी. झडप कुणासारखी? शिवाय तिथं सुईनं टोचायच्या जेलला 'जैविक पदार्थ' म्हटलंय, तेही खटकतंय.

औसा : विहिरीवरच्या मोटारीचा फुटबॉल (पायपाच्या तळाची झडप, फूट व्हॉल्व्ह हो, पण तसं म्हणतं कोण!) खराब झाला की आमच्याकडं "फुटबॉल पाणी धरना" म्हणतात. मोटार बंद केली की पायपातलं पाणी परत विहिरीत. हृदयातबी तेच की, ठोक्यागणिक थोडं रक्त माघारी. 'झडप रक्त धरत नाही' लिहा.

परभणी : 'धरत नाही' झकास, पण दोष झडपेच्या माथी जातो. हार्ट अटॅकनंतरच्या या दुखण्यात झडपेचे पडदे बहुधा धडच असतात. डाव्या कप्प्याची भिंत फुगते, पडद्यांच्या दोऱ्या ज्या स्नायूला बांधलेल्या तो बाहेर सरकतो, दोऱ्या ताणतात आणि पडदे एकमेकांना टेकतच नाहीत. चौकट खचली की चांगलं दारही लागत नाही, तसं. म्हणून जेल टोचायचं ते पडद्यात नाही, त्या स्नायूजवळच्या भिंतीत. तिथं भर पडली की स्नायू परत जागेकडं सरकतो. मेंढ्यांवर असे प्रयोग झालेत. सुतार याला पाचर म्हणेल. माझं मत : 'झडप नीट मिटत नाही'.

औसा : मिटते ती मिट्रल!

परभणी : कोटी मान्य. पण ते नाव बिशपच्या मायटर टोपीवरून आलंय. 16व्या शतकात शरीररचनेचा अभ्यासक व्हेसालियस याला झडप तशी दिसली.

लातूर : 'जैविक' मागितलं तर इथलं कृषी सेवा केंद्र ट्रायकोडर्माची (पिकांच्या रोगांवर वापरतात ती बुरशी) पुडी हातात ठेवील. आणि पदार्थ सजीवापासूनचा असेलच असं कुठंय? अशा जेलसाठीचं अल्जिनेट तपकिरी समुद्रशेवाळातून निघतं, पॉलिव्हिनाइल अल्कोहोल मात्र कारखान्यात बनतं. दोन्ही अंगाला सोसतात, मुद्दा तेवढाच. 'देहसह्य' कसा वाटतो? जरा पुस्तकी आहे, कबूल.

अंबाजोगाई : 'मिटत नाही' घेतलं. 'देहसह्य' एकदा वापरून पुढं नुसतं 'जेल'. 'पाचर' नको, पाचर मारली म्हणजे काम अडवलं असंच लोक समजतील, तिथं 'भर'. आईला मात्र 'धरना'च पटलंय.