वॉरंटी १ वर्षाची, पंप ४ महिन्यांत बसला, सेलर म्हणतोय रिटर्नची मुदत संपली

वावर_तासगाव
नमस्कार मंडळी. जूनमध्ये ऑनलाइन फवारणीचा पाठीवरचा बॅटरी पंप मागवला, १२ बाय ८ चा (१२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवर बॅटरी), २,८५० रुपयांना. फोटोखाली ठळक लिहिलेलं, १ वर्ष वॉरंटी. चार महिने झकास चालला आणि ऐन द्राक्ष छाटणीच्या तोंडावर बॅटरी बसली. रात्रभर चार्जिंगला लावली तरी सकाळी दोन टाक्या मारल्या की गप्प. अ‍ॅपवर तक्रार टाकली तर म्हणे रिटर्नची ७ दिवसांची मुदत संपली. कंपनीला फोन लावला तर म्हणे तो सेलर आमचा अधिकृत डीलर नाही, वॉरंटी लागू नाही. दोघं एकमेकाकडं बोट दाखवत्यात आणि मी मधी भरलेली टाकी पाठीवर घेऊन उभा. वडील रोज ऐकवतात, गावातनं घेतला असतास तर काउंटरवर नेऊन आपटला असता. बिल पीडीएफमध्ये आहे, खोकं मात्र फेकलं. काही होतंय का, का सोडून द्यावं?

मिरज_जंक्शन
सोड लका. बॅटरी तेवढी बदल आणि कामाला लाग. डाऊनी रोग काय तुझ्या तारखेसाठी थांबणार हाय व्हय.

कृष्णाकाठची_ताई
अहो दादा असं सोडू नका, आणि जंक्शनभाऊ तुम्ही पण लोकांना असले सल्ले देऊ नका, असल्या सल्ल्यांच्या जिवावरच हे सेलर माजलेत. रिटर्न वेगळं आणि वॉरंटी वेगळी. ७ दिवसांची मुदत माल परत करायची, वॉरंटी वर्षभराची, ती रिटर्नची मुदत संपली म्हणून संपत नाही. आधी एक काम करा, ती लिस्टिंग अजून दिसत असेल तर आत्ताच्या आत्ता स्क्रीनशॉट काढा, "१ वर्ष वॉरंटी" आणि सेलरचं नाव दोन्ही दिसलं पाहिजे, कारण तक्रार गेली की हे लोक ती ओळ गायब करतात, माझ्या नणंदेच्या बाबतीत असंच झालेलं. आणि चॅटवर भांडत बसू नका, तिथं फक्त गोड बोलणारी मशीन असते. साइटवर खाली तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतो, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांमुळं द्यावाच लागतो, त्याला मेल करा. ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच आणि महिन्याभरात निपटारा, असं नियमातच आहे. त्याच मेलमध्ये सेलरचा पूर्ण पत्ता पण मागा, लेखी मागितला की प्लॅटफॉर्मला द्यावा लागतो. सोबत १९१५ ला फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, तक्रार नंबर जपून ठेवा. हेल्पलाइन निकाल देत नाही हां, मध्ये पडून मिटवायला बघते, पण बऱ्याचदा तेवढ्यानंच समोरचा हलतो.

मिरज_जंक्शन
ताई बरोबर आहे तुमचं, पण न्हाईच हलला तर? वकिलाची फी पंपाच्या दुप्पट.

अजिंक्यतारा_पायथा
वकील कशाला लागतोय. मी साताऱ्यात मिक्सरची केस स्वतःच टाकलेली. सेलर गुरगावचा होता, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, त्यामुळं यांची सांगलीत होईल. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य. कारण घडल्यापासून २ वर्षांत टाकायची. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आहे, त्यावरनं घरबसल्या भरता येतं, फक्त प्रतिज्ञापत्र आणि पीडीएफ अपलोड करताना डोकं उठतं, ते एखाद्या कॉलेजच्या पोराकडनं करून घ्या. माझी नोटीस गेली आणि पहिल्या तारखेच्या आधीच पैसे परत. वेळ लागला पण, पाच महिने मिक्सरशिवाय काढले, बायको पाट्यावर चटणी वाटायची आणि माझ्याकडं बघायची.

मिरज_जंक्शन
एक शंका. पंप शेतीसाठी घेतलाय म्हंजे धंद्यासाठी, मग हे ग्राहक धरतील का?

कृष्णाकाठची_ताई
चांगला प्रश्न, सेलरचा वकील हेच बोलणार. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत येत नाही, कायद्यातच खुलासा आहे. आणि बियाण्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं २०१२ लाच शेतकऱ्याला ग्राहक मानलंय. आणि हो वावरदादा, पंप अजिबात खोलू नका! मिस्त्रीनं हात लावला की छेडछाड म्हणून वॉरंटी नाकारायला आयतं कारण मिळतं.

वावर_तासगाव
ताई, खालचं झाकण खोललंय हो आधीच. फक्त वायर ढिली आहे का बघितली, बॅटरीला हात लावला नाही.

कृष्णाकाठची_ताई
मग तसंच खरं ते लिहा. लपवलं आणि त्यांच्या तपासणीत निघालं तर सगळीच तक्रार खोटी वाटेल.

वावर_तासगाव
अपडेट देतो. मेल टाकला, १९१५ वर पण नोंद केली. दुसऱ्या दिवशी पोच आली, आणि आज, आठव्या दिवशी, सेलरचा स्वतःहून फोन, इतके दिवस चॅटवर मुका होता तो एकदम "सर सर" करायला लागलाय. म्हणतोय पंप पाठवा, तपासून बॅटरी बदलून देतो, कुरिअर आमच्याकडनं. मी म्हटलं हे मेलवर लिहून द्या, तर दिलं. सिरियल नंबरचा फोटो आणि चालू करतानाचा व्हिडिओ काढून ठेवलाय. तोवर चुलत्याचा पंप मागून आणलाय. एकच विचारायचं, टाकी धुऊन पाठवू का तशीच?

मिरज_जंक्शन
धू की गड्या. औषधाचा वास आला तर कुरिअरवाला दारातनंच परत जाईल.

अजिंक्यतारा_पायथा
आणि पावतीवर वजन लिहून घ्या.