मदत हवी आहे: नियमाच्या मसुद्यावर हरकत कशी मांडावी?
आमचा ७ जणांचा उद्योग आहे. नव्या नियमाच्या मसुद्यात मोठ्या कारखान्यांना आणि आम्हाला एकच मासिक अहवाल, एकच तपासणी शुल्क लावलंय. खात्याला दोनदा लिहिलं, "नोंद घेतली" एवढंच उत्तर आलं. संघटनेच्या निवेदनात नुसती नाराजी आहे, आकडे नाहीत. कोर्टात जायचं नाही आणि नियमाच्या हेतूलाही माझा विरोध नाही.

अमेरिकेत १९८० च्या कायद्याने खात्यांना लहान उद्योगांवरचा बोजा तपासून सौम्य पर्यायांचा विचार करावा लागतो. त्याच धर्तीवर मी तिमाही अहवाल सुचवणार आहे. हरकतीची मुदत अजून संपलेली नाही. खर्च दर कामगारामागे दाखवू की उलाढालीच्या टक्क्यांत? ज्यांच्या हरकतीमुळे मसुदा खरोखर बदलला, त्यांनी सोबत काय जोडलं होतं?