'आलाय म्हणे' : तुर्कीत आणि कँटोनीजमध्ये

प्रश्न

तुर्की मालिकांत 'गेल्दी' आणि 'गेल्मिश' अशी दोन रूपं सारखी कानावर पडतात. खाली भाषांतरात दोन्हींना 'आला' एवढंच. फरक काय? शिवाय हाँगकाँगला राहणारी माझी मावसबहीण सांगते की कँटोनीजमध्ये वाक्याच्या शेवटी 'वो' लागला की अर्थ असाच कुठेतरी सरकतो. या दोन भाषांचं आपसांत काही नातं आहे का?

उत्तर

नातं काहीच नाही. तुर्की ही तुर्किक कुळातली, कँटोनीज चिनी-तिबेटी कुळातली. घडणही उलटी. तुर्की धातूला प्रत्ययावर प्रत्यय चिकटवत जाते. कँटोनीजमध्ये क्रियापदाला काळाचं रूप नाही, पुरुषाचं नाही, वचनाचंही नाही. पण तुम्ही बरोबर अशा जागेवर बोट ठेवलंय जिथे दोघी एकच काम करतात. मराठीत ते काम 'म्हणे' करतं.

'गेल्दी' म्हणजे 'आला', माझ्या माहितीतली गोष्ट. 'गेल्मिश' म्हणजे 'आलाय म्हणे'. (की 'आलीय म्हणे'? तुर्कीत तो आणि ती एकच, 'ओ'. कँटोनीजमध्येही बोलताना दोघांना 'ख्योय'. आपल्यासारखा लिंगाचा जाच दोघींनाही नाही.)

मात्र 'मिश' म्हणजे 'म्हणे' असं पाठ करून ठेवू नका, कारण तुर्की प्रत्ययाचा पसारा बराच मोठा आहे. सकाळी खिडकी उघडली, रस्ता ओला दिसला, तर तुर्की माणूस म्हणेल, 'याऽमुर याऽमश'. इथे त्याला कुणी काही सांगितलेलं नाही. आपण म्हणू, 'पाऊस पडून गेलेला दिसतोय'. 'म्हणे' इथे चालणारच नाही. प्रथमपुरुषात तर गंमतच आहे. 'उयुमुशुम' म्हणजे मी झोपलो, पण झोपलो हे मला जागा झाल्यावर कळलं. 'डोळा लागला वाटतं माझा' हे त्याच्या सगळ्यात जवळचं. 'मी झोपलो म्हणे' म्हटलं तर भलताच अर्थ होईल, जणू कुणीतरी माझी चहाडी केलीय. थोडक्यात, प्रसंग घडताना मी साक्षीला नव्हतो, मला तो मागाहून कळला, एवढंच 'मिश' सांगतो. ऐकून कळला, खुणांवरून कळला की एकदम लक्षात आला, ते संदर्भावरून ठरतं.

मग इतिहासाचं काय, तिथे तर कुणीच साक्षीला नव्हतं? पक्क्या, सर्वमान्य गोष्टीला 'दी' लागतो. तुर्की प्रजासत्ताक १९२३ मध्ये स्थापन झालं, हे 'कुरुल्दु', 'कुरुल्मुश' नव्हे. लोककथा मात्र 'मिश'मध्येच सुरू होते : 'बिर वारमश, बिर योकमुश', म्हणजे एक होता म्हणे, एक नव्हता म्हणे. आपलं आटपाट नगर सरळ 'होतं'. कथेकऱ्याने ते जणू स्वतः पाहिलेलं असतं!

मिश, मश, मुश असं का बदलतं? आधीच्या स्वराला जुळवून घेतं म्हणून. 'गेल'ला मिश, 'ओल'ला मुश. 'आल' (घेणे) आणि 'ग्योर' (पाहणे) यांना लागणाऱ्या उरलेल्या दोन स्वरांसाठी देवनागरीत नीट अक्षर नाही, ते कानानेच शिकावे लागतात. सवय झाली की तोंड आपोआप वळतं.

आता कँटोनीज. 'ख्योय म् लेइ वो' म्हणजे 'तो येत नाही म्हणे'. यातला 'म्' म्हणजे नकार, नुसते ओठ मिटून काढलेला. कसोटी लागते ती 'वो'च्या सुरात. कँटोनीजमध्ये सहा सूर धरतात, आणि हाँगकाँगच्या भाषावैज्ञानिक संस्थेने १९९३ मध्ये तयार केलेल्या 'युत्पिंग' लेखनपद्धतीत ते अक्षरापुढे १ ते ६ आकड्यांनी दाखवतात. 'लोक् यू वो' हेच वाक्य घ्या. वो पाचव्या सुरात, म्हणजे खालून किंचित वर चढवत म्हटला, तर 'पाऊस पडतोय म्हणे'. तिसऱ्या, मधल्या सपाट सुरात म्हटला, तर 'अरे, पाऊस पडतोय की!' एक ऐकीव, दुसरं डोळ्यांसमोरचं. चिनी अक्षर बहुधा दोन्हींना एकच लिहितात, त्यामुळे नुसतं वाचून कळेलच असं नाही.

पाचव्या सुरातल्या 'वो'ला कुणीतरी सांगितलेलं लागतंच. ओला रस्ता बघून तो वापरता येत नाही. म्हणजे क्रियापद शेवटी ठेवणारी, शब्दामागे प्रत्यय लावणारी तुर्की एरवी आपल्याला ओळखीची वाटते खरी, पण 'म्हणे'ची खरी जुळी कँटोनीजमध्ये सापडते. वाक्य पूर्ण होऊ द्यायचं आणि मागाहून हात झटकायचे, ही तऱ्हाही तीच.

पुरवणी शंका

सोलापूरकडची असल्याने विचारते, कन्नडमधलं 'अंते' याच जातीचं ना? 'बंदनंते' म्हणजे आला म्हणे. आणि तुर्कीतलं 'चाय माय' हाही 'म'चाच प्रकार का?

उत्तर

'अंते' अगदी याच जातीचं. 'चाय माय' वेगळं, ते आपलं 'चहाबिहा'. आपण 'बि' लावतो, ते 'म'. आणि ज्या शब्दाची सुरुवातच 'म'ने होते त्याला हे जमत नाही, मग 'मासा' (टेबल) असेल तर 'मासा फालान' म्हणायचं. शब्द मात्र मुळात चिनीच : कँटोनीज 'छा', तुर्कीत 'चाय' आला फारसीतून.

आणखी एक शंका

'म्हणे' सुरुवातीला आणलं की टोमणा होतो. 'म्हणे साहेबांना वेळ नाही!' हे त्यांच्याकडे कसं करतात?

उत्तर

मराठीत हे जागेवर चालतं. 'तुका म्हणे'मधलं 'म्हणे' धड क्रियापद आहे, त्याला कर्ता आहे. 'आलाय म्हणे'मध्ये कर्ता गळून पडला. तेच पुढे आणलं की सांगणाऱ्याची खिल्ली. तुर्की प्रत्ययाला जागा बदलता येत नाही, म्हणून तिथे तो दोनदा लावतात : 'गेल्मिशमिश'. म्हणजे 'आलाय म्हणे, म्हणे!' कँटोनीजमध्ये 'वो' शेवटीच राहतो. नापसंती दाखवायची तर तोच जरा लांबवतात, बाकीचं काम चेहरा करतो.