लेक वीस महिन्यांची, अजून अंगावर पिते आणि परत दिवस गेलेत. दूध तोडू का?

पेठेतली सून
नमस्कार. कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. मला चौदावा आठवडा सुरू आहे. दिवस गेल्याचं कळलं तेव्हापासून घरात एकच विषय: दूध तोड. सासूबाई म्हणतात, पोटुशीचं दूध प्यायलं की पोर वाळतं आणि पोटातल्याचं बळ जातं. जाऊबाईंनी लावायला कोरफड आणून ठेवलीय. दोघींच्या मनात वाईट काही नाही, पहिल्या बाळंतपणात माझ्यासाठी रात्री जागल्यात त्या. दवाखान्यात विचारलं तर "बंद करा" एवढंच उत्तर. का, ते विचारायच्या आत पुढचा नंबर पुकारला.

लेक दिवसा खेळात विसरते. दुपारी झोपताना, रात्री झोपताना आणि पहाटे एकदा पिते, पण त्या तीन वेळांना तिला मीच लागते. गेल्या आठवड्यात एक रात्र नाही पाजलं, तर माझा पदर मुठीत धरून हुंदके देत झोपली. मला सहन झालं नाही. दुसरीकडं बोंडं इतकी दुखतात की ती तोंड लावते तेव्हा मी दात आवळून बसते. कधी कधी अंगावर काटा येतो, तिला बाजूला सारावंसं वाटतं, आणि मग रडू येतं. असं कुणाला झालंय का?

पहिलं बाळंतपण दिवस पूर्ण भरून, नॉर्मल. या वेळी रक्त जाणं, पोटात दुखणं काही नाही. हिमोग्लोबिन १०.२ आहे. तारीख ऑगस्टमधली. माहेर शिरोळ तालुक्यात, २०१९ चा महापूर बघितल्यापासून पावसात तिकडं बाळंतपणाला जायची भीती वाटते. आईच इकडं येईल. दोघांना पाजलेलं कुणी आहे का?

कळंब्याची आई
मी पाजलंय. थोरला दोन वर्षांचा असताना धाकटी झाली आणि पुढं आठ महिने दोघं पीत होते. ते ढकलावंसं वाटणं मलाही व्हायचं. मला वाटायचं मी वाईट आई आहे. तसं नाही गं, गरोदरपणात अंग तसं होतं. मी थोरल्याला सांगायचे, "दहा अंक मोजू, मग सोडायचं." विसाव्या महिन्यात पोरांना हे कळतं. तोंड मोठं उघडून नीट धरायला लावलं की दुखणंही कमी होतं.

एक आधीच सांगून ठेवते. चौथ्या-पाचव्या महिन्यात दूध खूप कमी होतं. माझ्या पोरानं तर वर बघून "संपलं" म्हणून सांगितलं. तुझ्या खाण्यात काही चुकलं म्हणून ते होत नाही. काही मुलं तेव्हा आपोआप सोडतात, काही नुसती चोखत राहतात.

शाहूपुरीची वहिनी
मी पाचव्या महिन्यात बंद केलं, मला झेपत नव्हतं. पण कोरफड, कडुलिंब काही लावलं नाही. कालपर्यंत गोड लागणारं आज कडू लागलं की लेकरू घाबरतं. आधी दुपारचं बंद केलं, दोन आठवड्यांनी पहाटेचं. रात्रीचं शेवटी, ते बाबांनी पाठीवर थोपटून झोपवायला लागल्यावर. तुला नको वाटत असेल तर थांबव, त्यात अपराध नाही.

प्रसूती विभागातली सिस्टर
ताई, तुमचं लिहिणं नीट वाचलं. मी इथल्याच एका दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात काम करते.

भीती कशाची असते ते आधी सांगते. बाळ चोखतं तेव्हा ऑक्सिटोसिन सुटतं, त्यानं पान्हा येतो, आणि त्याच संप्रेरकानं गर्भाशय आकसतं. म्हणून कळा सुरू होतील असं वाटतं. पण गर्भाशय शेवटच्या आठवड्यांपर्यंत त्याला फारशी दाद देत नाही. जोखीम नसलेल्या गरोदरपणात, वरचं जेवणाऱ्या मुलाला पाजल्यानं गर्भ पडतो किंवा लवकर बाळंतपण होतं, असं अभ्यासांत साधारणपणे दिसलेलं नाही. मात्र आधीचं बाळंतपण दिवस भरायच्या आत झालेलं असेल, रक्त जात असेल, जुळी असतील, पिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल किंवा आईचं वजनच वाढत नसेल, तर डॉक्टर थांबायला सांगतात आणि ते ऐकायचं. तुमच्याकडं यातलं काही दिसत नाही. तरी पुढच्या तपासणीला "माझ्या बाबतीत नेमकं कारण काय?" एवढं विचाराच, नंबर पुकारला तरी खुर्ची सोडू नका. पाजल्यावर पोट कडक होऊन विश्रांतीनंही सैल पडलं नाही, किंवा रक्ताचा डाग दिसला, तर पाजणं थांबवून लगेच दवाखाना गाठा.

मला तुमच्या हिमोग्लोबिनची जास्त काळजी वाटते. गरोदरपणात ते ११ च्या वर हवं. लोहाची गोळी किती घ्यायची ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. ती कॅल्शियमच्या गोळीबरोबर किंवा चहाबरोबर घ्यायची नाही, मध्ये दोन तास तरी जाऊ द्या. लिंबूपाणी चालेल.

आणि लेकीचं जेवण बघा. दूध कमी होणार आहे, ते तिच्या ताटातून भरून निघालं पाहिजे. रोज अंडं, मुगाचं घट्ट वरण, नाचणी, शेंगदाण्याचं कूट. घरी मटण असेल त्या दिवशी तिखट घालायच्या आधीचं अळणी पाणी आणि मऊ फोडी कुस्करून. गंगावेशेतून समोर पिळलेलं दूध आणत असाल तर उकळूनच द्या, आणि दुधावरच पोट भरू देऊ नका, मग पोरं जेवत नाहीत.

गडहिंग्लजचा वैद्य
सासूबाई म्हणतात त्याला जुना आधार आहे, म्हणून त्यांना खोटं पाडू नका. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात पारिगर्भिक नावाचा बालरोग सांगितलाय: गर्भिणी आईचं दूध पिणारं मूल, खोकला, भूक मंद, उलट्या, कृशता. आमच्या आज्यांनी हे डोळ्यांनी बघितलेलं होतं. तसंच काहीसं सिसली विल्यम्स या डॉक्टरांनी आफ्रिकेत, आजच्या घानात, बघितलं आणि १९३५ मध्ये त्या आजाराचं तिथलं नाव जगापुढं आणलं: क्वाशिओरकोर. पाठचं भावंड आल्यावर थोरल्याला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. ती मुलं आईच्या दुधावरून तुटली होती आणि बदल्यात नुसत्या मक्याच्या पेजेवर होती. माझं मत असं, की मूल वाळतं ते दूध नासतं म्हणून नाही, ताट रिकामं असतं म्हणून. सासूबाईंना लेकीचं वजन दर महिन्याला अंगणवाडीत करून दाखवा. वाढणारा आकडा त्यांनाही पटेल.

पेठेतली सून
किती बरं वाटलं वाचून. सासूबाईंना वैद्यांचं लिहिलेलं वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या, "वजन मीच करून आणते." एक शंका: हिनं शेवटी चीक पिऊन टाकला तर बाळाला काय राहणार?

प्रसूती विभागातली सिस्टर
चीक संपत नाही. बाळ जन्मून पहिले दोन-तीन दिवस तो येतच राहतो. लेकीला मात्र शी पातळ होईल, घाबरू नका. बाळंतपणानंतर एवढाच नियम: आधी बाळ, मग ताई. बाळाचं पोट भरल्याशिवाय थोरलीला नाही. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांत जन्माच्या वजनाला परत यायला हवं. पाचव्या दिवसानंतर दिवसाला निदान सहा वेळा लघवी झाली की दूध पुरतंय. दुसऱ्या खेपेला पाजताना पोटात कळा जास्त येतात, त्याची तयारी ठेवा.

पेठेतली सून
सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. मुलगा झाला, तीन किलोला थोडा कमी, दिवस भरून. हिमोग्लोबिन ११.४ पर्यंत आलं होतं. मधले दोन महिने लेक नुसती चोखायची, मी दहा अंक मोजायचे. तिसऱ्या दिवशी छाती दगडासारखी दाटली, बाळाला धरताच येईना. तेव्हा लेकीनं दोन मिनिटं ओढलं आणि बोंड मऊ झाल्यावर बाळानं धरलं. आई आणि सासूबाई दोघी शेजारी बसून बघत होत्या. बाराव्या दिवशी बाळ जन्माच्या वजनाला परत आलं. लेक आता रात्री एकदाच पिते, आणि पीत असताना एक हात बाळाच्या टोपड्यावर ठेवते. कोरफड जाऊबाईंनी कुंडीत लावलीय.